गहिनीनाथची तेरा इंची नळी

गहिनीनाथ कोल्हारचा शिंपी. उंची जेमतेम पाच फूट, जीभ मात्र सहा फुटी. गावातलं दुकान चालेना म्हणून नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरात कामाला लागला. मुतखडा काढल्यावर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आतून नळी ठेवायची आणि महिन्याने लघवीच्या वाटेने काढायची, ही मोठ्या डॉक्टरांची नवी पद्धत. साल १९७३, आमच्याकडे हे भलतंच पुढारलेलं. नळी कापायचं काम गहिनीनाथकडे होतं.

पहिला रोगी सव्वासहा फुटी पैलवान. त्याला तेरा इंची नळी चपखल बसली, डॉक्टर खूश झाले आणि तेवढीच एक नळी नमुना म्हणून खिळ्याला टांगली गेली. मग काय, जो येईल त्याला तेरा इंच! जन्मभर गळ्यात टेप घालून फिरलेल्या या शिंप्याने एकाचंही माप घेतलं नाही. साहेबांच्या नमुन्याला कोण बोट लावणार? रोगी सांगत, सारखी लघवीला लागते, आग होते, आत टोचतं. गहिनीनाथ ऐटीत म्हणे, "व्हतं थोडं. नळी नवी हाय."

अकरा जणांना त्याने हे ऐकवलं. त्यानंतरचा खडा त्याचा स्वतःचा निघाला.

ऑपरेशन झाल्यावर आठवड्यातच तो दर दहा मिनिटांनी लेंगा सावरत मोरीकडे पळू लागला. देवाला, डॉक्टरला आणि स्वतःच्या कात्रीला एका दमात शिव्या देई. नळी बदलायची तर पुन्हा पोट चिरावं लागणार, म्हणजे महिनाभर सुटका नाही. डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, "होतं थोडं."

गहिनीनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी लंकाबाईचं ऑपरेशन होतं. पाथर्डीकडची ऊस तोडणारी बाई, त्याच्याहूनही वीतभर बुटकी. टाके सुटले की नळीसकट तिला फडात वाकायचं होतं. तिचीही तेरा इंची नळी कापून तयार होती.

"डाक्टर, तिचा फोटू काढा. टेप लावू द्या मला."

"ऑपरेशन आहे ते, सदरा नाही."

"सदरा बरा हुता! अर्धा इंच लांब झाली म्हनून तुमी प्यांट तीनदा परत केली माज्याकडं. ती तर भायेरून घालायची. आन् आमच्या पोटात दोन-दोन इंच जादा सोडताय?"

सगळा वॉर्ड खदाखदा हसला. डॉक्टरांचे कान लाल झाले. पण डॉक्टर मनाचे खोटे नव्हते. त्यांनी लंकाबाईच्या एक्स-रेची फिल्म उजेडात धरली, गहिनीनाथने टेप लावला. साडेदहा भरलं. डॉक्टरांनी खिळ्यावरचा नमुना आपल्या हाताने उतरवला.

महिन्याने लंकाबाई नळी काढायला आली. गहिनीनाथने भीत भीत विचारलं, "काय तरास?"

"नळीचा कसला? मुकादमाचा हाय!"

तो हसला आणि हसता हसता शरमला. रविवारी बस धरून पुणतांब्याला गेला. अकरा जणांतली पहिली आक्काबाई तिथली. त्याला बघून ती दारातच कडाडली, "आता काय कापायचं राह्यलंय?"

"काय न्हाई, आक्का. 'व्हतं थोडं' म्हनलो हुतो न्हवं, ते परत घ्यायला आलोय."