फळी दोन बोटं खाली

हाडांच्या विभागात प्लास्टरकाका म्हणजे मोठं प्रस्थ. एकतीस वर्षांत किती हातपाय बांधले याची गणती त्यांनी ठेवली नव्हती. नवशिके डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून डोळे बारीक करत, तोवर काकांनी नुसता हात लावून सांगितलेलं असायचं, मोडलंय की मुरगळलंय. रडवेल्या पेशंटसाठी त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. "हाड म्हणजे दगड नव्हे, बाई. आत अखंड काम चालू असतं. एक टोळी जुनं हाड कुरतडते, दुसरी तिच्यामागून नवं भरत जाते. दहा वर्षांत जवळजवळ अख्खा सांगाडा नवा! तुमचं हाडही आतली मंडळीच सांधणार. मी फक्त ते हलू देत नाही."

भाषण झकास होतं. घरी मात्र दिव्याखाली अंधार.

स्वयंपाकघरातल्या फळीवरचा चहाचा डबा हाताला लागत नाही, अशी बायकोने कुरकुर केली, तेव्हा काकांनी फळी दोन बोटं खाली घेतली. दोन वर्षांनी पुन्हा. मग आणखी एकदा. "फळी वर चढते की काय गं?" अशी थट्टाही करून झाली. जुनी भोकं त्यांनी दवाखान्यातून आणलेल्या प्लास्टरने बुजवली आणि अंगठ्याने गुळगुळीत केली. काम इतकं सुबक, की आल्यागेल्याला दाखवावं. पण ज्याची बोटं परक्याचं हाड ओळखत, त्याला आपली बायको बुटकी होत चालली आहे हे दिसू नये? दिसलं नाही कसलं, त्याने बघितलंच नाही.

तिची पाठ दुखायला लागली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पडलीस का कुठे?"

"नाही हो."

"मग हाडाला काही नाही. स्नायू धरलाय."

तरी रक्त तपासून आणलं. कॅल्शियम अगदी नॉर्मल. "बघ, माझ्यापेक्षा तुझंच चांगलं आहे," म्हणत त्यांनी तो कागद फ्रीजवर चिकटवला. ती बिचारी खूश झाली आणि पाठीला टॉवेल आवळून पुन्हा कामाला लागली. त्या घरासाठी तिने हाडाची काडं केली होती. स्वतःच्या दुखण्याचे लाड करणं तिला कधी जमलंच नाही.

एका सकाळी शेगडीपाशी वळता वळता ती कोसळली. खुब्याचं हाड गेलं.

"घाईत वळले," स्ट्रेचरवर ती म्हणाली. "माझंच चुकलं. तुम्हाला उगाच रजा पडली."

विभागातल्या डॉक्टरीणबाईंना पहिली पट्टी गुंडाळायला काकांनीच शिकवलं होतं. ऑपरेशनआधी त्यांनी काकांना बाजूला घेऊन एक्स-रे दाखवले. खुब्यावरून त्यांचं बोट कण्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. तीन मणके कधीचेच चेपले होते; पाठ त्यामुळेच दुखत होती, उंचीही त्यामुळेच घटली होती.

"काका, त्या पडल्या म्हणून हाड मोडलं नाही. हाड आधी मोडलं, मग त्या पडल्या."

"पण कॅल्शियम नॉर्मल होतं. मी स्वतः पाहिलंय."

"ते रक्तातलं. तिथे शरीर कमी पडू देत नाही, हृदय चालतं त्यावर. पोटातून कमी आलं की मानेतल्या तांदळाएवढ्या चार ग्रंथी हुकूम सोडतात, हाडातून काढा आणि रक्तात घाला. त्यात पाळी गेली की कुरतडणाऱ्यांना जोर येतो आणि भरणारे मागे पडतात. रक्ताचा रिपोर्ट छान येत राहतो, हाड मात्र पोकळ होत जातं."

काका खाली बसले. एक टोळी मागे पडते, हे त्यांच्या भाषणात कधी आलंच नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. आता तिला सांगायचंच, असं ठरवून काका रोज तिच्या खाटेपाशी जात. तू घाईने पडली नाहीस, चूक तुझी नाही, माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ती आधीच सुरू व्हायची, "किती धावपळ तुमची. मी जरा बघून वळायला हवं होतं." काका तिचं पांघरूण सारखं करत. उद्या सांगू, तिला थोडी ताकद येऊ दे, असं ते स्वतःला समजावत. खरं तर ताकद त्यांच्यातच नव्हती.

पडून राहून नवव्या दिवशी तिची छाती कफाने भरली. धाप लागत असताना ती म्हणाली, "घरी गेल्यावर फळी अजून जरा खाली घ्याल का? पुन्हा पडायला नको."

"घेतो," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी सकाळी ती गेली.

पुढच्या आठवड्यात लेक चहा करायला लागली. ती उंच, बापावर गेलेली. डबा काढताना तिचं डोकं फळीला आपटलं. "बाबा, ही जरा वर घेऊ या का?"

काका स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. भिंतीवर एकावर एक पांढरे ठिपके होते. सगळ्यात वरच्या ठिपक्यावर त्यांनी टोक टेकवलं, पण दाबवेना. त्याच उंचीवर लग्नानंतर पहिल्यांदा तिने हात वर करून डबा ठेवला होता, टाचा न उचलता. काकांनी स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवला आणि ठिपक्यावर अंगठा फिरवला.

"तू घाईने पडली नव्हतीस गं," ते म्हणाले.

"कोणाशी बोलताय, बाबा?"

"तुझ्या आईशी. तिला सांगायचं राहिलं."