न वाजलेला भोंगा

माझ्या मित्राला धोक्याचे जुने भोंगे जमवण्याचा नाद आहे. परवा एका बंद रसायन कारखान्याच्या छपरावरून त्याने एक उतरवला. त्यावरची धूळ पुसून अक्षरं वाचताच तो हरखला. "असे आता कुठे मिळतात! आतलं चक्र बघ, जरासुद्धा झिजलेलं नाही. हा कधी वाजलेलाच नाही!"

न वापरलेल्या वस्तूला माणूस इतका का भाळतो, याचा मी विचार करत होतो.

फाटकाशी चहा विकणाऱ्या बाई जवळ आल्या. त्यांचा नवरा इथल्याच वायुगळतीत गेला होता.

"वाजतो का हो?"

मित्राने उत्साहाने तार जोडली. भोंग्याने सगळा परिसर दणाणून सोडला.

तो थांबल्यावर बाई म्हणाल्या, "बिघडला होता, असं साहेब सांगत होते."

"छे हो," मित्र हसला, "एकदम नवा आहे!"