पंचनाम्यात नसलेला बैल

नकाशेआबांची थोबाडीत खाल्लेला माणूस आमच्या तालुक्यात शोधावा लागत नसे. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून नुसतं विचारलं असतं, तरी दहा-पंधरा जणांनी आपापला गाल पुढे केला असता. उजव्या हाताची, सपाट पंजाची, आणि आधी एक शब्दही न बोलता दिलेली. मी त्यातून वाचलो तो केवळ सरकारी डॉक्टर होतो म्हणून. तरी दोनदा त्यांचा हात माझ्या समोर वर गेला होता आणि अर्ध्यात आठवण झाल्यामुळे टोपी सारखी करून खाली आला होता.

नकाशे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते पोलिसात हवालदार होते, आणि कुठे खून पडला की घटनास्थळाचा नकाशा काढायला फौजदार त्यांनाच धाडत. खरं आडनाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. घरी त्यांच्या बायकोलाही लोक नकाशेअक्का म्हणत आणि त्या ओ देत.

साठ सालानंतर लगेचच मी पुण्याहून नवा कोरा डॉक्टर होऊन धुळ्याच्या अलीकडच्या या गावी आलो. आपण लोकांना बरं करायला आलो आहोत अशी माझी समजूत. पहिल्याच महिन्यात दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत मी पाच प्रेतं फाडली. बांधावरून कुऱ्हाड, विहिरीच्या पाळीवरून कोयता, एकदा तर कोंबडी कोणाची यावरून मुसळ. प्रत्येक प्रेताबरोबर नकाशेआबा यायचे. मांडीवर लाकडी तक्ता, त्यावर ताव, टोपीच्या कडेला खोचलेली पेन्सिल.

त्यांचे नकाशे पाहण्यासारखे असत. रेषा इतकी सरळ, की पट्टी लावली का म्हणून विचारावं. झाड, विहीर, बांध, आणि मग अक्षरं. ‘अ’ म्हणजे मयत, ‘ब’ म्हणजे हत्यार, ‘क’ म्हणजे रक्ताचा डाग. मेलेला माणूस मात्र सगळीकडे सारखाच. एक गोळा आणि त्याला चार रेघा. मी एकदा विचारलं, “आबा, एवढा तुमचा हात चांगला. याला नाकडोळे का नाही?”

“तोंड नाही काढायचं, डाक्टरसाहेब,” ते म्हणाले. “तोंड काढलं की ते जेवताना समोर येऊन बसतं.”

या माणसाबद्दल मी प्रेमाने लिहितो आहे, म्हणून त्याचं वाईट झाकून ठेवणार नाही. एकदा चोरीच्या संशयावरून धरलेल्या एका मेंढपाळाला दवाखान्यात आणलं. त्याचे तळपाय भोपळ्यासारखे सुजले होते. कोणाच्या हातचं काम ते विचारायची गरज नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाखल्यावर जे दिसलं ते सगळं लिहिलं. संध्याकाळी आबा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. “तुम्ही मेलेले फाडता, मी जिते फाडतो. पगार दोघांना सरकारच देतं,” असं म्हणाले आणि निघून गेले. पुढे खरा चोर दुसराच निघाला. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. आजही त्या तळपायांची आठवण झाली की आबांवरचा माझा राग जसाच्या तसा असतो.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते एका खुनामुळेच. चैत्राचे दिवस होते. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन चुलतभावांचं वाजलं आणि एकाने दुसऱ्याच्या मानेवर कुऱ्हाडीचे तीन घाव घातले. मेलेला जेमतेम तिशीचा. मी हात धूत होतो, तेवढ्यात आबा जवळ आले आणि पाटी दाखवायला आलेल्या पोरासारखं त्यांनी नकाशा माझ्यापुढे धरला.

“बघा, वशिंड कसं जमलंय!”

मी पाहिलं. अ, ब, क सगळं जागच्या जागी होतं. आणि ‘अ’च्या शेजारी एक बैल उभा होता. तो काही गोळा आणि चार रेघा नव्हता. त्याला मानेखाली लोंबणारी पोळी होती, गळ्यात घुंगरमाळ होती, एक शिंग किंचित वाकडं होतं. मान खाली घालून तो पडलेल्या माणसाला हुंगत होता. सगळा नकाशा मेलेला, आणि त्यात हा बैल तेवढा जिवंत.

“हे काय आबा? माणूस इथे पडलाय फाटून, आणि तुम्ही बैल काढताय?”

“मी पंचांच्या आधी पोचलो. हा असाच उभा होता. हटेना. मी मयत काढत होतो आणि हात आपला आपण तिकडे गेला.” ते स्वतःच्या पंजाकडे पाहत होते. “सव्वीस वर्षांनी, डाक्टरसाहेब. लहानपणी मी लग्नघराच्या दाराशी घोडे काढायचो. गेरूने. कोणी सांगायचं नाही, मीच पळत जायचो. पोलिसात आलो, साहेबांनी हात पाहिला, आणि तेव्हापासून मी मुडदेच काढतोय.”

“खोडून टाका,” मी म्हणालो. “कोर्टात जायचा कागद आहे.”

“नाही खोडणार. तो तिथे होता.” मी आणखी बोललो असतो तर त्यांचा हात तिसऱ्यांदा वर गेला असता.

खटला धुळ्याला उभा राहिला. माझी साक्ष आटोपली होती, मी मागच्या बाकावर बसलो होतो. आरोपीचा वकील मोठा तयारीचा. त्याने आधी पंचांना विचारलं, जागेवर बैल होता का. पंच म्हणाले, नव्हता. खरंच होतं ते. पंच येईपर्यंत कोणीतरी बैल सोडून गोठ्यात नेला होता. मग आबा पिंजऱ्यात आले, तेव्हा वकिलाने नकाशा वर धरला.

“हा बैल कुठून आला?”

“तिथे होता.”

“पंचनाम्यात आहे?”

“नाही.”

“म्हणजे पंच खोटं बोलतात, की तुमचा नकाशा खोटा?” वकिलाचं बोट नकाशावर फिरलं. “आणखी काय काय मनाने काढलंत हवालदार? हे झाड? हे अंतर?”

कोर्टात हशा पिकला. झाडाचं अंतर हाच तर खटल्याचा कणा होता. झाडाआडून आपण घाव पाहिले असं सांगणारा एकच साक्षीदार होता. तोही उलटतपासणीत डळमळला. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. एकट्या बैलामुळे सुटला असं मी म्हणणार नाही. पण गावाने तसंच म्हटलं, आणि आबांनीही.

मेलेल्याची बायको द्वारकाबाई कोर्टाच्या पायरीशी उभी होती. आबा खाली उतरले तसं तिने पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या तोंडावर हाणली. एक, दोन, तीन. शिपाई धावून आला, तर आबांनी डाव्या हाताने त्यालाच मागे लोटलं. “मारू दे तिला,” म्हणाले. पाच-सहा फटके झाले. टोपी धुळीत पडली, ओठातून रक्त आलं. ज्याने अख्ख्या तालुक्याच्या थोबाडीत दिली तो माणूस हात खाली सोडून उभा होता. शेवटी तीच थकली आणि पायरीवर बसून मोठ्याने रडली. ओठाला टाका मीच घातला.

चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, आणि वर्षाच्या आत ते निवृत्त झाले. आता हा माणूस पेन्सिलीचं नाव काढणार नाही असं मला वाटलं होतं. एका रविवारी अक्कांनी मला बोलावणं धाडलं. “डाक्टर, यास्ना डोकामा काही व्हयनं का, देखा जरा.” मी परसात गेलो, तर मागची सगळी भिंत गेरूने आणि चुन्याने भरलेली. घोडे, कोंबड्या, झोके घेणाऱ्या पोरी, तोंड वर करून ओरडणारं गाढव. आबा गुडघ्यावर बसून गाढवाचे दात रंगवत होते. कोपरापर्यंत लाल. इतके दिवस त्यांचे लाल हात पाहिले की मी समजायचं ते समजत असे. त्या दिवशी मला हसू आलं.

“टेप लागत नाही, डाक्टरसाहेब!” ते ओरडले. “अंतर लिहायचं नाही! खाली सही नाही! पंचनाम्यात बसत नाही तेवढंच आता काढणार.”

अक्का मात्र पदराने तोंड झाकून दाराआड उभ्या होत्या. आबा त्यांना भिंतीवर काढायला बघत होते आणि त्यांचं एकच पालुपद होतं, “माले नका काढू. मी आजून जित्ती शे!”

भीती साऱ्यांनाच होती. नकाशेआबा तक्ता घेऊन बसले म्हणजे तिथे कोणीतरी मेलं, हे लोकांच्या अंगात मुरलेलं. एकदा शेजारच्या खेड्यात (नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तापट आहेत) एका घरासमोरचा निंब त्यांना आवडला आणि ते समोर बसून काढू लागले. घटकेत गर्दी. “कोन मरनं? कोनले मारी टाकं?” त्या घरची सून दोन दिवस कोणाला दिसली नव्हती. झालं. तिचे भाऊ पलीकडच्या वाडीतून काठ्या घेऊन आले आणि काही न विचारता एक सासऱ्याच्या डोक्यात घातली. सासरच्यांनी जू उपसलं. आबा मध्ये पडले आणि दोन्ही बाजूंना सारख्याच थोबाडीत वाटल्या. त्या दिवशी मी सात डोकी शिवली. सून बहिणीच्या बाळंतपणाला पाचोऱ्याला गेली होती. ती संध्याकाळच्या एसटीने उतरली तेव्हा सासर-माहेर दोन्ही पांढऱ्या पट्ट्या बांधून माझ्या ओट्यावर बसलं होतं. आबांना वाईट वाटत होतं ते कागदाचं. निंबाच्या शेंड्यावर कोणाचा तरी पाय पडला होता.

पण हे हसणं वरवरचं होतं. एकदा चहा पिताना ते एकदम म्हणाले, “त्या बैलाने खुनी सोडवला, डाक्टरसाहेब. आणि त्याच बैलाने माझा हात मला परत दिला. मी इथे मजेत घोडे रंगवतो, आणि ती बाई तिकडे एकटी वावराचा गाडा ओढते. मला मजा वाटायला पाहिजे का? तुम्ही शिकलेले आहात, सांगा.” मी कप खाली ठेवला आणि उगाच त्यांची नाडी पाहिली.

मग एका सकाळी द्वारकाबाई त्यांच्या दाराशी बैलगाडी सोडून उभी राहिली. मी अक्कांचा ताप पाहायला आलो होतो. आबांनी तिला पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. ती मारायलाच आली आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

“मना मालकना एकबी फोटू नही शे,” ती म्हणाली. “पोऱ्या इचारस, बाप कसा व्हता. तू त्याले देखेल शे. काढी दे.”

आबा एक पाऊल मागे सरले. “माय, मी त्याला मेलेलाच पाहिला. तोंड मी कधी काढलंच नाही.”

“मी सांगस. तू काढ.”

तीन दिवस ते चाललं, आणि ते काही शांतपणे चाललं नाही. दोघंही जात्याच आगीचे. “असं नाक नव्हतं त्यानं!” म्हणून तिने पहिला ताव फाडून त्यांच्या अंगावर फेकला. आबांनी तक्ता भिंतीवर आपटला. कपाळ रुंद, कपाळ अरुंद, मिशी अशी, मिशी तशी. मला शवविच्छेदनातलं जे आठवत होतं ते मीही सांगितलं, हनुवटीवर जुन्या जखमेचा व्रण होता. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “मीच मारेल व्हतं ते. लाटनं.” आणि पहिल्यांदाच किंचित हसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकाएकी ओरडायची थांबली. कागदावर एक माणूस उभा होता. सरळ दोन पायांवर, डोळे उघडे, आत्ता पाण्याच्या पाळीवरून भांडेल असा. आबा घामाने निथळत होते. तिच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

“बैलबी काढ,” ती म्हणाली.

आबांनी मान वर केली.

“मी वावरमा पळत गऊ, तवय पहिले बैलच देखा. कोरटमा खोटं ठरनं ते ठरनं. तो तठे व्हताच. काढ त्याना बाजूमा.”

माझ्यासमोर आबा तेव्हाच पहिल्यांदा रडले. रडतच त्यांनी बैल काढला, वाकड्या शिंगासकट, आणि तिने एका शब्दाने टोकलं नाही. मग तिने कागद गुंडाळून पदराखाली घेतला आणि गाडी जुंपायला गेली. आभार वगैरे काही नाही. जू बैलांच्या खांद्यावर चढवताना ती तेवढी मागे वळली.

“मी तुले चप्पल मारी व्हती, ते मी इसरनू नही,” ती म्हणाली. “तूबी इसरू नको.”

“नाही विसरणार, माय,” आबा म्हणाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहिले. मग आत आले आणि हात न धुता त्यांनी नवा ताव तक्त्यावर लावला.