बोट, तळवा, मूठ

माझ्या बायकोला इंग्रजी बोलता येत नव्हतं असं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या परप्रांतीय बाईंशी ती बिनधास्त बोलायची. ‘आय यस्टर्डे मंडई वेन्ट, फाइव्ह ओक्लॉक.’ त्यांना सगळं कळायचं आणि दोघी दारात हसत उभ्या असायच्या.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि हिनं एका दवाखान्यात फोनवर अपॉइंटमेंट देण्याच्या कामासाठी अर्ज केला. मुलाखत लॅपटॉपवर, इंग्रजीत होती. ‘घरात भिंतींशी किती बोलायचं मी?’ म्हणाली. ते काम तिला मनापासून हवं होतं.

मी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करतो, म्हणून शिकवायला बसलो. आपल्याकडे ‘सोमवारी’, ‘मंडईत’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत आधी अ‍ॅट, ऑन की इन ते ठरवायचं, आणि वेळ बहुतेक वाक्याच्या शेवटी. तिला मध्येच थांबवायला नको म्हणून मी खुणा ठरवल्या. बोट म्हणजे अ‍ॅट, आडवा तळवा म्हणजे ऑन, मूठ म्हणजे इन.

‘अहो, मी बोलतेय की चौकात गाडी चालवतेय?’

मी हसलो, पण हात खाली घेतला नाही. वाक्यं सुधारली. मात्र आता प्रत्येक शब्दाआधी ती माझ्या हाताकडे बघू लागली. समोरच्या बाईंशीही ‘हॅलो’च्या पुढे जाईना.

मुलाखतीला खोलीत दुसरं कोणी नको, अशी अट होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तिला दिसेन असा. सकाळी किती वाजता येऊ शकाल, एवढंच मुलाखत घेणाऱ्या माणसानं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं.

‘मॅडम, प्लीज लुक अ‍ॅट द कॅमेरा. इज समवन देअर?’

मी फ्रिजमागे सरकलो. दुसरं काय करणार होतो? बाहेरून ‘आय…’ एवढंच ऐकू आलं, पुन्हा एकदा ‘आय…’. जुन्या पद्धतीनं, उलटंसुलटं का होईना, बोल गं, असं मी मनात म्हणत होतो. कळवतो म्हणून त्या माणसानं फोन ठेवावा तसा निरोप घेतला. त्याच्या आवाजावरून काय ते समजलं.

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

‘अहो,’ ती तिथूनच म्हणाली, ‘हात कुठे गेला तुमचा?’

मी फ्रिजमागेच उभा होतो. बोट अजून वरच होतं.