घरच्यांच्या बाजूची खुर्ची

अर्लीन समुद्रकाठच्या अनोमाबो गावात राहायला आली तेव्हा तिला वाटलं होतं, विमानातून उतरल्या उतरल्या कुणीतरी गळ्यात पडेल. गळ्यात पडले ते टॅक्सीवाले. अमेरिकेतल्या जॉर्जियात तिने उभं आयुष्य हॉटेलांचे पडदे शिवण्यात काढलं होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मनात एकच होतं, की ज्या किनाऱ्यावरून आपल्या पूर्वजांना गुलाम करून साखळदंडात नेलं, तिथे जाऊन राहायचं. जिथे आपल्या कातडीकडे कुणी वळून बघणार नाही, तिथे मरायचं.

पहिल्याच सकाळी गल्लीतली पोरं तिच्यामागे धावत ओरडली, "ओब्रोनी! ओब्रोनी!" म्हणजे गोरी, परकी. अर्लीनचा रंग त्या पोरांपेक्षा तसूभरही उजळ नव्हता. ती भाड्याच्या खोलीत शिरली, दार लावलं आणि हमसून हमसून रडली.

घरमालकीण मान्सा. मासे धुरावून विकणारी, जिभेला धार असलेली बाई. तिने आधी पोरांना पिटाळलं. "मेल्यांनो, डोळे फुटले का? तुमच्या आईपेक्षा काळी आहे ती!" मग दारावर थाप मारली. "रडून झालं असेल तर बाहेर ये. भट्टीवरचे मासे उलटायला हात हवेत मला."

अर्लीन बाहेर आली. त्या दिवशी तिची बोटं भाजली आणि केसांना जो धुराचा वास लागला, तो पुढे कधी गेला नाही.

चूक झाली ती त्याच आठवड्यात. रविवारी सगळं घर अंगणात जेवायला बसलं होतं. केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, तळलेले मासे, मिरचीचा ठेचा. अर्लीनला भरून आलं. मोठ्या प्रेमाने तिने विचारलं, "मान्सा, तुमचं मूळ कुठलं? तुझी आजी कुठून आली होती?"

ताटातली सगळी बोटं थांबली. एक म्हातारी अर्धं जेवण टाकून हात धुवायला उठली. मान्साने अर्लीनला दंडाला धरून भट्टीमागे नेलं.

"काही शुद्ध आहे का, काय विचारतेस?"

"मी तेवढंच शोधायला इतक्या लांब आले, मान्सा. आपण कुठले ते."

"मग तिकडेच विचारायचंस! इथे नाही विचारत. कोण कुठून आलं, कुणाला कुणी आणलं, हे आमच्याकडे कधीच काढायचं नाही. घरात बसला तो घरचा. संपलं."

अर्लीनच्या तोंडावर जणू दार आपटलं. तिला वाटलं, ज्यांनी माणसं विकली त्यांनीच स्वतःच्या सोयीचा नियम करून ठेवलाय. तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. कितीतरी दिवस ती मान्साशी कामापुरतंच बोलली.

पण राग धरून भट्टीजवळ राहता येत नाही, मासे करपतात. वर्षं गेली. अर्लीन गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायला लागली. भाषा आली, मग त्या भाषेत भांडणंही आली. बाजारात घासाघीस करताना ती मान्सापेक्षा मोठ्याने ओरडायची. ओब्रोनी म्हणणारी पोरं मोठी झाली, त्यांची पोरंही तेच ओरडायला लागली. आता ती रडत नसे, चप्पल दाखवायची. तरी एक गोष्ट मनातून जात नव्हती. त्या गावात घर चालतं आईच्या बाजूने. तुझी आई कुणाची, त्यावरून तू कुणाची. अर्लीनला तिथे ना आई, ना घर. आपण गेलो की आपल्याला पुरायला कोण उभं राहील, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

मान्सा आजारी पडली त्या वर्षी एका दुपारी दोघी विझत्या भट्टीपाशी बसल्या होत्या. मान्सा मध्येच म्हणाली, "माझी आजी उत्तरेच्या बाजारातून आणलेली होती."

अर्लीनच्या हातातला मासा हातातच राहिला.

"लहान पोर होती. या घरच्या बाईने विकत घेतली आणि लेक म्हणून वाढवली. आपल्या गावाचं नाव तिला मरेपर्यंत आठवलं नाही. आईने मला सांगितलं. मी कुणाला नाही सांगितलं, बहिणीलासुद्धा नाही."

"मग मला का सांगतेस?"

"तुझंही गाव हरवलंय ना." मान्सा राख चाळवत राहिली. "आणि तू बोलणार नाहीस."

"मी? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तूच गावभर सांगतेस!"

मान्सा खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मी गेले की लाल पट्टी बांधायची आणि घरच्यांच्या बाजूला बसायचं. समोर पाहुण्यांत बसलीस तर उठून येईन, सांगून ठेवते."

मान्सा गेली. तिच्या शोकाचा मोठा विधी एका शनिवारी झाला. मांडव पडला. एका बाजूला घरच्यांच्या खुर्च्या, समोर पाहुण्यांच्या. पाहुण्यांनी उजवीकडून डावीकडे घरच्यांचे हात हातात घेत जायचं आणि समोर बसायचं. घरच्यांनी बसून राहायचं. लाल पट्टी फक्त त्यांच्याच अंगावर. घरातल्या साऱ्या बायकांचे शोकाचे कपडे अर्लीननेच शिवले होते आणि त्यांच्या पट्ट्यांच्याच लाल कापडाची एक पट्टी तिने आपल्या मनगटाला बांधली होती. वाटेत धीर सुटला, तिने बाही खाली ओढली. घरच्यांच्या बाजूला, पण शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसली.

मान्साच्या बहिणीचा मुलगा एगीर लंडनहून आला होता. कोण कुठे बसतंय हे बघायचं काम त्याने स्वतःच अंगावर घेतलं होतं. तो समोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, पाहुण्यांची सोय समोर आहे."

"मान्साने इथे बसायला सांगितलंय."

"मोठ्या आईने आजारपणात काय काय सांगितलं असेल. ही बाजू घरच्यांची आहे. तुम्ही आमच्या कोण? मुळात तुम्ही कुठल्या?"

आजूबाजूची कुजबुज एकदम थांबली. अर्लीनच्या जिभेवर एकच वाक्य आलं: तुझी पणजी कुठली, ते आधी विचार. तेवढं बोलली असती तर त्या पोराला त्या मांडवात मान वर करता आली नसती. तिने समोर मान्साच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतसुद्धा मान्सा भांडायच्याच तयारीत दिसत होती. अर्लीनने ते वाक्य गिळलं. उभी राहिली आणि मनगटावरची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, म्हणून तिने दात लावले.

"काय विचारलंस तू आत्ता?"

घराण्याचे प्रमुख नाना ओटू काठी टेकत आले होते. एगीर चपापला. "नाना, मी फक्त एवढंच म्हटलं..."

"पुन्हा तोंडातून काढू नकोस! लंडनला कान विकून आलास का? 'कुठल्या' म्हणून या मांडवात विचारतोस? मेंढा आण आणि दारूची बाटली. पूर्वजांपुढे ओतून माफी मागायची, आजच्या आज."

"पण नाना, ती अमेरिकेची आहे, सगळ्या गावाला माहीत..."

"दोन मेंढे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. नाना हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "पोरा, असं विचारत सुटलो तर या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतील. कुणाकुणाला उठावं लागेल ते मला ऐकायचं नाही. कदाचित मलाही उठावं लागेल."

एगीर मान खाली घालून मेंढे आणायला गेला. नानांनी अर्लीनच्या दातांतून पट्टीचं टोक सोडवलं आणि गाठ पुन्हा आवळली. बाही वर सारली, लाल रंग सगळ्यांना दिसेल अशी. मग ते तिच्या कानाशी वाकले.

"तिच्या आजीचं मला ठाऊक आहे. ती तुलाही सांगून गेली, हे आत्ता ओळखलं. तुझ्या जिभेवर आलं होतं. मी बघत होतो."

"गिळलं, नाना."

"तेच ना. पाहुणी असतीस तर बोलली असतीस. बस."

अर्लीन बसली आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू सगळ्यांसमोर फुटलं. मान्सासाठी होतं, जॉर्जियात पुरलेल्या आईसाठी होतं आणि गावाचं नाव विसरलेल्या त्या लहान पोरीसाठीही होतं.

पाहुण्यांची रांग सुरू झाली. इतकी वर्षं गावातल्या अशा विधींना अर्लीन त्या रांगेतूनच चालत आली होती. पुढे एक तरुण बाई होती, पाठुंगळी बाळ बांधलेली. लहानपणी ओब्रोनी म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारी हीच. तिने हात पुढे केला, लाल पट्टी पाहिली आणि डोळे खाली वळवून म्हणाली, "वाईट झालं, मामे. सोसा." मामे, म्हणजे आई.

सवयीने अर्लीन उठायला गेली. शेजारी आता मान्साची बहीण येऊन बसली होती, एगीरची आई. तिने अर्लीनच्या लुगड्याचा काठ धरून तिला खाली ओढलं.

"बस गं," ती म्हणाली. "आपण नाही उठायचं."