पाटावरचा डोंगल

विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या आमच्या घरात मी बारा वर्षं डीटीपीची कामं केली. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा प्रबंध. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला यातला एक प्रबंध माझ्या हातून बुडता बुडता वाचला.

प्रबंध वसईच्या एका प्राध्यापक मॅडमचा होता. किनाऱ्याकडच्या गावात त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती आणि त्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. विषय होता वसईतली बावखलं, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारी छोटी तळी. ती कोणी खणली, पाण्याच्या पाळ्या कशा ठरायच्या, भांडणं कशी मिटायची, असं सगळं त्यांनी आठ वर्षं गावोगाव हिंडून गोळा केलं होतं. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी पाच प्रती विद्यापीठात पोचल्या नाहीत तर नोंदणी रद्द होणार होती. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि चारशे पानांचं हस्तलिखित टेबलावर ठेवलं. प्रत्येक पानाखाली तळटीपा होत्या.

मी वहीत वेळापत्रक आखलं. रोज पंधरा पानं, दसऱ्याच्या आत टायपिंग पूर्ण, पुढे दुरुस्त्या, प्रिंट आणि बाइंडिंग. पहिले दहा दिवस सगळं आखल्याप्रमाणे चाललं.

गणपती गेले आणि मशीन अडलं. बोटं पुढे जायची आणि अक्षरं मागून रांगत यायची. फाइल सेव्ह करायला घातली की चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. पंखा दिवसभर घरघरत असायचा. पंधरा पानांची सहा झाली, मग कशीबशी दोन.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाले आमच्या ओळखीचे होते. नालासोपाऱ्याला त्यांचं दुकान होतं आणि ते माझ्या नवऱ्याच्या वयाचे होते. त्यांनी येऊन टास्क मॅनेजर उघडून दाखवला. कोणता प्रोग्राम मशीनला किती राबवतोय ते त्यात दिसतं. प्रोसेसरचा आकडा शंभरला टेकला होता आणि खाली येत नव्हता. ज्या प्रोग्रामच्या नावापुढे तो होता ते नाव विंडोजचंच होतं, त्यामुळे त्यावरून काही कळेना.

"वहिनी, गाडी फर्स्ट गिअरमध्ये घाट चढतेय," ते म्हणाले. "फॉरमॅट मारूया."

त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध असायचं. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने बसवायचं: विंडोज, मराठीचं सॉफ्टवेअर, सहाशे फॉन्ट. त्यात तीन दिवस गेले असते आणि तेवढं करून दोष मशीनमध्येच असला तर आम्ही होतो तिथेच राहिलो असतो. मी नको म्हटलं आणि संशयितांची यादी केली. नियम एकच ठेवला, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही.

पंख्यातली धूळ काढली. रॅमची पट्टी काढून खोडरबरने पुसली. नको असलेले फॉन्ट काढले. प्रिंटरची वायर काढून पाहिली, यूपीएस बदलून पाहिला. जुन्या फाइली सीडीवर काढून हार्ड डिस्क मोकळी केली. प्रत्येक वेळी आकडा पाहून वहीत "फरक नाही" लिहिलं. अँटीव्हायरसही यादीत होता, कारण तो गणपतीतच नवा घातला होता. एका लग्नपत्रिकावाल्याच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन माझी अर्धी फोल्डरं गायब झाली होती, म्हणून. पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्याच्या चिन्हावर जाऊन मी तो बंद केला आणि दहा मिनिटं थांबले. आकडा शंभरच. त्या ओळीवर खूण करून मी पुढे गेले.

दर दोन-तीन दिवसांनी मॅडमचा फोन यायचा. किती पानं झाली, असं त्या विचारायच्या. तिसऱ्या फोनला मी म्हटलं, लोडशेडिंगने वाट लावली आहे, पण होईल. लोडशेडिंग होतंच, सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. पण काम त्याने अडलेलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. मशीन बिघडलंय म्हटलं की माणसं कागद उचलून दुसरीकडे जातात. मला वाटायचं, उद्यापर्यंत सापडेल आणि मी भरून काढेन. असे बरेच उद्या गेले.

दसरा आला. आमच्याकडे सासूबाई हत्यारांची पूजा मांडायच्या. पाटावर कोयता, विळी, कात्री, माझ्या यजमानांचा कॅल्क्युलेटर असं सगळं असायचं. आदल्या वर्षी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं होतं आणि ते कीबोर्डच्या फटीत सांडून चार बटणं बसली होती. म्हणून या वेळी सासूबाईंनी मला विचारलं, यातलं मुख्य काय ते काढून दे. मी मागून डोंगल काढून दिला. बोटाच्या पेराएवढा, यूएसबीत घालायचा तो तुकडा. मराठीच्या सॉफ्टवेअरची ती किल्ली होती. तो लावलेला नसला की सॉफ्टवेअर उघडतच नसे. सासूबाईंनी तो कोयत्याशेजारी ठेवला, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं.

माझे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी होते. टँकरच्या बदललेल्या वेळांची नोटीस त्यांना लावायची होती. ती इंग्रजीत असल्यामुळे डोंगलची गरज नव्हती. नैवेद्याची तयारी होईपर्यंत ते कॉम्प्युटरवर बसले आणि दहा मिनिटांत छापलेली नोटीस घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"आज तुझं मशीन सीमोल्लंघनाला निघालंय का? नुसतं पळतंय."

मी पुरीचं पीठ तसंच ठेवून बाहेर गेले. टास्क मॅनेजर उघडला. तीन. पाच. दोन. परत तीन.

कालपासून काय बदललं, याचा विचार करायला वेळ लागला नाही. एकच वस्तू कमी होती. माउस, प्रिंटर, यूपीएस हे सगळं मी यादीत घेतलं होतं, पण डोंगल घेतला नव्हता. दोन वर्षं तो मागच्या बाजूला लावलेला होता. भिंतीतल्या खिळ्यासारखा तो मला दिसेनासाच झाला होता.

मी पाटाकडे गेले तर सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. संध्याकाळपर्यंत थांबू, असं मी ठरवलं.

अडीचच्या सुमाराला खाली टेम्पो थांबला. त्यातून मॅडम उतरल्या, त्यांचे यजमान उतरले, आणि मागून एक इन्व्हर्टर, त्याची भलीमोठी बॅटरी आणि केळ्यांचा लोंगर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. त्या गृहस्थांनी आणि टेम्पोवाल्याने मिळून बॅटरी तीन जिने वर आणली. घाम पुसत ते म्हणाले, "आमचं काय, वीज गेली की वाडीत जाऊन बसायचं. तुम्हाला फ्लॅटमध्ये कुठे जाता येतंय? दिवाळीपर्यंत राहू दे इथेच."

माझ्या मागे आमच्या यांनी वायर कुठून घ्यायची याची चर्चा सुरूसुद्धा केली. मॅडम माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरातला इन्व्हर्टर त्यांनी काढून आणला होता.

"मॅडम," मी म्हटलं, "काम लोडशेडिंगमुळे अडलेलं नाही. गणपती झाल्यापासून मशीन बिघडलंय. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांचं हसू गेलं. "किती पानं झालीत?"

"एकशे नव्वद."

त्या यजमानांशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला त्यातलं शुक्रवार एवढंच कळलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तेव्हाच सांगितलं असतंत तर मी अर्धे कागद दुसरीकडे दिले असते. आता दुसरं कोण घेणार?"

 सापडलंय असं वाटतंय, पण खात्री नाही, एवढंच मी सांगितलं, आणि डोंगल पाटावर आहे हेही सांगितलं. तोवर सासूबाई स्वयंपाकघरातून अक्षतांची वाटी घेऊन आल्या. त्यांनी पाटावर अक्षता टाकल्या आणि डोंगल बोटभर सरकवला.

"झाली उत्तरपूजा," त्या म्हणाल्या. "पुसून घाल. ओला घालशील घाईघाईत."

डोंगल लावला. अर्ध्या मिनिटात आकडा अठ्ठ्याण्णव. काढला, की चार. असं तीनदा केलं. मॅडमचे यजमान आकडे मोठ्याने वाचत होते. चौथ्यांदा त्यांनीच काढून पाहिला.

पण दोन वर्षं हाच डोंगल लावून मशीन नीट चाललं होतं. म्हणजे तो एकटा दोषी नव्हता. त्याचं कोणाशी तरी बिनसलं होतं आणि तो कोणी नंतर आलेला असणार. नंतर आलेला एकच होता, ज्याच्यापुढे मी खूण करून बसले होते. दुरुस्तीवाल्यांना फोन लावला.

"वहिनी, दसऱ्याला तरी सोडा."

अँटीव्हायरस बंद करून पाहिला होता, फरक पडला नव्हता, मग तो कसा असेल, असं मी विचारलं. कसा बंद केला, त्यांनी विचारलं. चिन्हावरून, मी म्हटलं.

"अहो, ते म्हणजे दुकानाचं शटर अर्धं ओढणं झालं. माणूस आत बसलेलाच आहे." मग गंभीर होऊन त्यांनी नीट समजावलं. नव्या आवृत्तीत यूएसबीवर पहारा ठेवणारा एक वेगळा भाग होता आणि तो वरून बंद केला तरी आत चालू राहायचा. मराठीचं सॉफ्टवेअर दर काही क्षणांनी डोंगल जागेवर आहे का ते बघायचं, आणि दर वेळी हा पहारेकरी मध्ये येऊन डोंगल तपासायचा. दिवसभर त्या दोघांचं हेच चाललेलं. टायपिंगसाठी प्रोसेसर उरतच नव्हता.

"आपल्या सोसायटीचा नवा वॉचमनच हा," आमचे हे म्हणाले. "मला रोज विचारतो, कोणाकडे जायचंय."

पहारा पूर्ण बंद करणं सोपं होतं. ते मला नको होतं. लग्नपत्रिकावाल्याच्या पेन ड्राइव्हने काय केलं ते मी विसरले नव्हते आणि प्रबंध त्याच मशीनमध्ये होता. मग न तपासायच्या वस्तूंची यादी अँटीव्हायरसमध्येच असते, त्यात डोंगल घालायचा असं ठरलं. फोनवरून दुरुस्तीवाले सांगत गेले, मी करत गेले. आधी सॉफ्टवेअरचं फोल्डर घातलं. फरक नाही. मग डोंगल चालवणारी छोटी फाइल शोधून तीही घातली आणि मशीन बंद करून परत सुरू केलं. डोंगल लावला, सॉफ्टवेअर उघडलं. आकडा अकरावर गेला, सातवर आला आणि तिथेच घुटमळत राहिला. मी "बावखल" टाईप केलं. अक्षरं बोटांबरोबर आली.

मॅडमनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. पाचव्या प्रकरणाच्या सुधारलेल्या टीपा त्यात होत्या. तो लावल्याबरोबर पहारेकऱ्याने दोन व्हायरस पकडून पडद्यावर लाल खिडकी उघडली.

"मॅडम, इतिहास बराच साठलाय," आमचे हे म्हणाले. तेव्हा कुठे मॅडम हसल्या.

इन्व्हर्टर परत न्या, असं मी म्हटलं. त्यांच्या यजमानांनी खाली तीन जिन्यांकडे बघून मान हलवली. तो राहिला, आणि पुढच्या अडीच आठवड्यांत रोजचे चार तास त्याच्यावरच निघाले. मी नवं वेळापत्रक आखलं. दुरुस्त्यांसाठी वेगळे दिवस उरले नव्हते, म्हणून मॅडम कॉलेज सुटलं की रिक्षाने थेट आमच्याकडे यायच्या आणि शेजारी बसून पान टाईप झालं की लगेच तपासायच्या. पहिले दोन दिवस कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुढ्यात ठेवलेलं थालीपीठ खाता खाता त्यांनी मला बावखलात पडलेल्या त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. बाकीची कामं दिवाळीनंतर देईन, असं मी सगळ्यांना सांगितलं. एक शाळा त्यामुळे तुटली ती तुटलीच.

बुधवारी शेवटचं पान छापलं. गुरुवारी चंदनसारला बाइंडिंग झालं. तिसऱ्या प्रतीत दोन पानं उलटी लागली होती, ती उसवून पुन्हा शिवून घेतली. शुक्रवारी सकाळी मॅडम आणि त्यांचे यजमान गाडीने निघाले. विद्यापीठातली खिडकी एकला बंद व्हायची. साडेबारा झाले तरी फोन नाही. पावणेएकला वाजला.

"घेतलं, ताई," मॅडम म्हणाल्या. "पाचही प्रती मोजून घेतल्या. शिक्का आजचाच आहे."

मग त्यांनी पावतीवरचा नंबर मला वाचून दाखवला. मला त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्या एकेक आकडा सांगत होत्या, आणि मी वही ओढून लिहून घेतला.