आगटेकाकांचं मत

बातमी गौरीने दिली, फोनवर, इंग्रजीत, एका वाक्यात. "बाबा पास्ड अवे धिस मॉर्निंग." मग मराठीत, "आईला तुम्ही हव्या आहात." २००८ चा ऑक्टोबर नुकताच लागला होता. मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावात श्रीधर आगटे झोपेतच हृदयविकाराने गेले. वय सहासष्ट. मोटारींच्या पत्र्याच्या भागांचे डाय, म्हणजे साचे, बनवणाऱ्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. मागे पत्नी सुनंदाकाकू आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, गौरी. पुण्यात मी ज्या वर्तमानपत्रात काम करत होते, तिथे निधनवार्तेला एवढा मजकूर पुरला असता. आता त्या गोष्टीला सात आठवडे होऊन गेले. अध्यक्षीय निवडणूकही पार पडली. त्या निधनवार्तेत जे मावलं नसतं, ते इथे लिहिते आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी २००१ साली ट्रॉयला आले. पहिल्याच आठवड्यात काका आमच्या अपार्टमेंटमध्ये बर्फ खरवडण्याचं फावडं घेऊन आले. तेव्हा ऑगस्ट चालू होता. "आत्ता स्वस्त मिळतं," एवढंच म्हणाले. मी पत्रकार होते हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो करांबद्दल. नंतर लक्षात आलं की ते सगळ्यांनाच हा प्रश्न विचारत. आगटेकाका रिपब्लिकन होते आणि ते लपवत नसत. इथल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांचा कल दुसरीकडे होता, निदान बोलण्यात तरी. त्यामुळे गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामी राही. ती मला मिळाली.

त्यांच्या मतांचा उगम अमेरिकेत नव्हता, सांगलीत होता. वडिलांचा ऑइल इंजिनाचे भाग बनवण्याचा लहान कारखाना होता आणि पोलादाच्या परमिटसाठी वडील मुंबईला खेटे घालत. "साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर गेलेत," काका नक्कल करत. "माझ्या बापाचं अर्धं आयुष्य साहेबाच्या जेवणात गेलं." सरकार जेवढं लहान तेवढा साहेब लहान, हे त्यांचं सगळं राजकारण होतं आणि प्रत्येक प्रश्न ते याच मापाने मोजत. माप एकच असल्यामुळे उत्तरं कधी कधी पक्षाच्या बाहेर जात. लग्न फक्त स्त्री आणि पुरुषाचंच, अशी व्याख्या मिशिगनच्या राज्यघटनेत लिहावी का, हा प्रश्न २००४ साली मतपत्रिकेवर आला, तेव्हा त्यांनी ती जागा कोरी सोडली. "लग्न लावायला भटजी आहे, सरकार कशाला?" इराकच्या युद्धाला त्यांनी सुरुवातीला पाठिंबा दिला होता. पुढे मत बदललं, तेव्हा तेही चारचौघांत सांगितलं. या सप्टेंबरात बुडत्या बँकांना सरकार पैसा देणार म्हटल्यावर ते चिडले होते. मोटार कंपन्याही तेच मागतील म्हणून आणखी चिडले होते. त्यांचं स्वतःचं पेन्शन त्याच धंद्यातलं होतं. काकूंनी ते लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "मग काय झालं? पेन्शन माझं आहे. मत पेन्शनचं नाही."

'मत' या शब्दावर त्यांचं फार प्रेम. ओपिनियन आणि व्होट, दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे हे मंडळाच्या मराठी वर्गात गौरीला कळलं, तेव्हा ती गोंधळली होती. काकांना मात्र आनंद झाला. इंग्रजीत दोन शब्द असल्यामुळे माणूस ओपिनियन ठोकून घरी बसू शकतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे नागरिकत्व नव्हतं, त्यामुळे माझी चेष्टा ठरलेली. "पत्रकारबाई, तुम्हाला मत आहे, पण मत नाही." स्वतःच्या पहिल्या अमेरिकन मतदानाची गोष्टही ते रंगवून सांगत. मतपत्रिका पेटीत टाकल्यावर सवयीने त्यांनी डाव्या हाताची तर्जनी टेबलावरच्या बाईंपुढे धरली, शाईसाठी. बाईंना वाटलं, बोट कापलंय. त्यांनी पर्समधून पट्टी काढून लावून दिली. "दिवसभर काढली नाही," काका म्हणत. "मत दिल्याची खूण ती खूण!"

गौरी हायस्कूलच्या पोहण्याच्या टीममध्ये होती. शाळेत नवा तलाव बांधण्यासाठी मालमत्ता कर वाढवावा का, असा प्रश्न एका वर्षी मतदानाला आला. काकांनी विरोधात मत दिलं आणि जेवताना तिला तसं सांगितलंही. प्रस्ताव पडला. त्यानंतर सबंध हिवाळाभर ते पहाटे उठून तिला शेजारच्या गावातल्या तलावावर सोडत, ती पोहत असताना बाकावर बसून पेपर वाचत आणि परत आणत. "माझ्या पोरीच्या पोहण्याचा भार शेजारच्या म्हातारीवर का?" हे त्यांचं स्पष्टीकरण. गौरी तेव्हा डोळे फिरवायची, पण गाडीत बसल्यावर त्यांच्याशी वाद घालायची. तो वाद दोघांनाही आवडायचा. "व्हॉट्स युअर मत, बाबा?" हे तिचं सुरुवातीचं वाक्य, आणि पुढे रस्ताभर दोघं भांडायची.

मतदानाच्या दिवशी काका आपली व्हॅन काढत. मुलांकडे राहायला आलेले आणि पुढे नागरिक झालेले आईवडील बऱ्याच घरांत होते. त्यांना गाडी चालवता येत नसे आणि मुलं ऑफिसात असत. काका त्यांना मतदानाला नेत आणि परत घरी सोडत. गाडीत एक नियम होता. रेडिओ बंद, राजकारण बंद. कुणी विषय काढलाच तर काका आरशातून बघत. "आज फक्त गुडघे आणि नातवंडं. बाकी सगळं उद्या."

साल २००६. सरकारी नोकऱ्या आणि विद्यापीठांतले प्रवेश यांत वंश, रंग किंवा स्त्रीपुरुष भेद पाहून प्राधान्य देण्यावर बंदी घालावी का, हा प्रश्न मिशिगनच्या मतपत्रिकेवर होता. त्यात एक मेख होती. 'हो' म्हणजे प्राधान्य बंद, 'नाही' म्हणजे चालू. मंडळात मात्र या प्रश्नाला कुणीच अमेरिकन प्रश्न समजत नव्हतं. सगळे त्याला 'आरक्षण' म्हणत, आणि तो शब्द उच्चारला की शेजारचं डेट्रॉइट शहर विसरून माणसं थेट आपापल्या बारावीच्या टक्क्यांवर पोचत. दसऱ्याच्या कार्यक्रमात काका यावर बोलले. त्यांची बाजू 'हो'ची, आणि ती त्यांनी नीट मांडली. नंतर मात्र इतरांनी जे विनोद केले, ते नीट नव्हते. हॉलच्या मागच्या रांगेत कुसुममावशी बसल्या होत्या. अमरावतीच्या, वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलाकडे राहणाऱ्या. त्या हसल्या नाहीत. हातातल्या कागदी बशीतला लाडू न खाता उठल्या. बाकी कुणाला ते दिसलं असेल असं वाटत नाही.

गौरी तेव्हा अ‍ॅन आर्बरला विद्यापीठात शिकत होती आणि 'नाही'च्या बाजूने दारोदार फिरत होती. दिवाळीला घरी आली. फराळाला मीही होते. चकली मोडता मोडता तिने विचारलं, "बाबा, या वेळी व्हॅन नेणार?"

"दर वेळी नेतो."

"दे डोन्ट ईव्हन रीड द बॅलट. तुम्ही सांगाल ते करतात. यू आर जस्ट कलेक्टिंग युअर येस व्होट्स!"

काकांनी फराळाची बशी बाजूला सारली. "मी गाडी भरतो, गौरी. मतपत्रिका नाही."

"हाउ वुड आय नो?"

सुनंदाकाकू चहा आणायला उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरी परत गेली आणि थँक्सगिव्हिंगला आली नाही.

मतदानाच्या दिवशी मी त्या व्हॅनमध्ये होते, नुसती बघायला. मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. कुसुममावशींचं इंग्रजी वाचन दुकानाच्या पाट्यांपुरतं. इथल्या नियमाप्रमाणे अशा मतदाराला मदतीसाठी आपल्या पसंतीचा माणूस सोबत नेता येतो. मावशींनी काकांकडे बोट दाखवलं. टेबलावरच्या अधिकाऱ्याने काही विचारलं, काकांनी मान डोलावली आणि दोघं आडोशाला गेली. त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला. परतीच्या वाटेवर काका गुडघ्यांबद्दलही बोलले नाहीत. रात्री निकाल लागला, बंदी मंजूर झाली. त्यांची बाजू जिंकली होती, तरी अभिनंदनाचे फोन त्यांनी घेतले नाहीत. त्यानंतर त्या प्रश्नासाठी 'आरक्षण' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. कुणी वापरला तर म्हणत, "ते वेगळं, हे वेगळं." मत मात्र बदललं नव्हतं. विचारलं असतं तर पुन्हा 'हो'च म्हणाले असते.

गौरी पुढे घरी येऊ लागली. नोकरीही जवळच लागली. बापलेकीत बोलणं होतं, भांडण नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण होती. गेल्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधताना काका मला म्हणाले, "ती आता माझं मत विचारत नाही." मी म्हटलं, तुम्ही स्वतःच बोला ना तिच्याशी. त्या दिवाळीच्या बोलण्याबद्दल काहीतरी सांगा. त्यांनी सुतळीची गाठ पक्की केली. "सांगण्यासारखं आहे. पण ते माझं नाही." आणखी विचारायचा प्रयत्न केला, तर रोपांवरच्या किडीविषयी बोलू लागले…

शोकसभा मंदिराच्या हॉलमध्ये झाली. बोलणारे बरेच होते. कारखान्यातला एक जुना सहकारी बोलला, मंडळाचे पदाधिकारी बोलले. शेवटी कुसुममावशी उठल्या. मुलगा दिलीप त्यांना धरून पुढे घेऊन आला. त्यांनी माईक नको म्हटलं. त्या बोलल्या ते गौरीकडे बघून.

"पोरी, त्या वर्षी मी तुझ्या बाबांना आत नेलं होतं. मी त्यांना म्हटलं, भाऊ, तिथं 'हो'वर खूण करा. ते खूश व्हायला पाहिजे होते ना? त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, कुसुमताई, तुम्हाला ते बंद करायचंय की ठेवायचंय? मी म्हटलं, मले हे राहू द्याचं हाय, म्हणून तर हो म्हणते." दिलीपने त्यांचा हात सोडला नव्हता. "मग मी त्यांना सांगितलं. आमचा दिलीप राखीव जागेवर शिकला. नसती तर इंजिनीअर झाला नसता, मी इथं आली नसती. इतक्या वर्षांत या हॉलमध्ये मी हे बोलली नव्हती. तुम्ही लोक हसत होते ना… मग भाऊ म्हणाले, राहू द्यायचं असेल तर 'नाही' म्हणावं लागेल. 'हो' म्हटलंत तर ते जाईल. मी म्हटलं, तुमचं तर उलटं आहे. तर म्हणाले, मत तुमचं आहे, माझा फक्त हात. आणि 'नाही'वर खूण केली. मला दोनदा दाखवली. बाहेर पडताना म्हणाले, ताई, हे कुणाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही."

गौरी पहिल्या रांगेत होती. तिने आईकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी गौरीने सुट्टी काढली आणि व्हॅन काढली. दोन महिने ती डेमोक्रॅटिक उमेदवारासाठी काम करत होती, शनिवार-रविवार फोन करत होती. सकाळी निघताना तिने कोटावरचा प्रचाराचा बिल्ला काढून काकूंच्या हातात दिला. गाडीत तिच्यासकट सहा जण होतो आणि रेडिओ बंद होता. जिममध्ये मावशींनी या वेळी तिच्याकडे बोट दाखवलं. रांग मोठी होती, पण आडोशाला दोघी फार वेळ थांबल्या नाहीत. गौरी बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

गाडीत बसल्यावर मावशींनीच सांगून टाकलं. "माझं मत आहे, मी सांगीन. या वेळी मी भाऊंच्या माणसाला दिलं. ते असते तर त्यांनी त्यालाच दिलं असतं. त्यांना देता आलं नाही ना."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अहो मावशी, पण गौरीचा तर दुसरा…"

"माहीत आहे. म्हणून तर विचारत होती, मावशी नक्की का, मावशी नक्की का. मी म्हटलं, नक्की. तिनं केली बरोबर खूण. मला दोनदा दाखवली."

गौरीने आरशातून मागे पाहिलं. "मावशी, सीट बेल्ट," एवढंच म्हणाली.

सगळ्यांना घरी सोडून आम्ही दोघी परत आलो. काकू दारातच उभ्या होत्या. बिल्ला त्यांच्या हातातच होता, कुठे ठेवावा हे सुचलं नसावं. "झालं का सगळ्यांचं मतदान?" त्यांनी विचारलं.

गौरीने व्हॅनची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"झालं," ती म्हणाली. "बाबांचंही झालं."